कानसेनांचा कान

गाण्याच्या बैठकीत एक दृश्य हमखास पाहावयास मिळते. गवयाने षड्ज लावून चार-दोन आलाप घेतले न घेतले तोच मागच्या बाजूस कुजबूज सुरू होते. "कोणता हो राग?" असे एकजण विचारतो. शेजारचे गृहस्थ डोळे मिटतात, भुवया आकसतात आणि क्षणभर चिंतन करून "पूरिया असावा" असा अभिप्राय देतात. तिसऱ्यांना तो मारवा वाटतो. मग हलक्या आवाजात वादी-संवादींच्या साक्षी निघतात; तबल्यावर ठेका धरला जातो, अस्ताई भरली जाते, तरी या मंडळींचा खटला चालूच असतो. अखेर पुढच्या रांगेतल्या कोणा जाणकाराकडून निकाल मिळतो आणि सर्वांच्या मुद्रेवर समाधान पसरते. शब्दकोडे सुटल्यावर जे वाटते त्याच जातीचे हे समाधान. गाणे तोवर बरेच पुढे निघून गेलेले असते, आणि नाव सापडल्यामुळे ते गाठण्याची निकडही आता कोणाला वाटत नाही.

या तिघांतले मधले गृहस्थ म्हणजे प्रस्तुत लेखक होय. भुवया आकसण्याची ही कला मी पंचवीस-तीस वर्षे जोपासली, आणि तिच्यामुळे माझे किती गाणे ऐकावयाचे राहिले याचा हिशेब अलीकडे कोठे मांडू लागलो आहे. तो हिशेब माझ्यापुरता असता तर मासिकाची पाने त्यासाठी अडविली नसती. परंतु माझ्यासारख्या सुशिक्षित मराठी माणसाचा कान ज्या पुस्तकांनी आणि ज्या सवयींनी घडला, त्यांचे परीक्षण या निमित्ताने करावे असे वाटते. कारण त्याच पुस्तकांचा आधार घेऊन आम्ही आपला कान आपल्या हातांनी झाकून घेतला, असे माझे मत होत चालले आहे.

बैठकीत दुसराही एक वर्ग असतो. "आम्हाला गाण्यातले काही कळत नाही बुवा, पण ऐकायला आवडते" हे त्याचे ठरलेले वाक्य. वरवर पाहता हा विनय आहे. परंतु हेच गृहस्थ आंब्याविषयी बोलताना "मला आंब्यातले काही कळत नाही" असे कधी म्हणत नाहीत. देवगडचा हापूस आणि त्याच्या नावावर खपविलेला परका आंबा यांतला फरक ते पहिल्या फोडीला सांगतात. जिभेवर त्यांचा विश्वास आहे, कानावर नाही. "काही कळत नाही" असे आधीच सांगून टाकले की चुकण्याचे भय उरत नाही. राग ओळखणारा नावाच्या आड लपतो आणि हा अज्ञानाच्या आड. जागा निराळ्या, परंतु दोघेही लपतात ते एकाच गोष्टीपासून: आपण ऐकतो ते चुकीचे निघेल, आणि ते चारचौघांना दिसेल.

या भयाला आधार किती? कॅनडातील क्वीन्स विद्यापीठात लोला कडी यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे दोन हजार नव्या विद्यार्थ्यांना विचारले असता त्यांतल्या जवळजवळ सतरा टक्क्यांनी आपल्याला सुराचा कान नाही असे सांगितले. हे संशोधन २००५ साली प्रसिद्ध झाले. असे सांगणाऱ्यांपैकी ज्यांची प्रत्यक्ष परीक्षा घेतली त्यांतल्या बहुतेकांच्या कानात काहीही उणे आढळले नाही. सूर खरोखरच न कळण्याची जन्मजात अवस्था असते. पण माँट्रिऑलच्या इझाबेल पेरेट्झ यांच्या २०१७ सालच्या अंदाजाप्रमाणे तिचे प्रमाण शेकडा दीडच्या आसपास आहे. गाताना ज्यांचा सूर सरकतो अशांतही पुष्कळांना तो सरकल्याचे ऐकू येते, असेही संशोधकांना आढळले आहे. म्हणजे शंभर माणसांत पंधराएक तरी अशी निघावयाची की ज्यांना कान आहे, आणि तो नाही अशी त्यांनी स्वतःची खात्री करून घेतली आहे. न्यायालयात आरोपी स्वतःहून गुन्हा कबूल करतो आणि न्यायाधीश पुराव्याअभावी त्याला सोडतो, तरी तो तुरुंगातच जाऊन बसतो, अशातला हा प्रकार.

माझी कथा थोडी निराळी. मी कबुली दिली नाही, वकील केला. तरुणपणी एका संगीतवर्गात सात वर्षे शिकलो आणि तेथल्या परीक्षाही बऱ्या गुणांनी उत्तीर्ण झालो. वर्गात गुरुजी पेटीवर प्रत्येक सूर वाजवीत आणि त्याच सुराच्या सावलीत आम्ही पंधरा-वीसजण एकदम गात असू. माझा आवाज नेमका कोठे पडतो हे मला कधी ऐकू आले नाही, कारण तो पडण्याच्या आधीच पेटीने त्याला उचलून घेतलेले असे. एकट्याने गाण्याची पाळी आली की मला हटकून एखादी शंका सुचे. कोमल ऋषभ भैरवातला निराळा आणि मारव्यातला निराळा कसा? काफीतला गंधार तोच बागेश्रीतला काय? गुरुजी भले होते. ते उत्तर देत बसत, घंटा वाजे आणि माझी पाळी टळे. वर्गात माझी ख्याती अभ्यासू विद्यार्थी म्हणून होती. सात वर्षांच्या अखेरीस मला तंबोरा जुळविता येत नव्हता ही गोष्ट कोणाच्या लक्षातही आली नाही, आणि माझ्या लक्षात आली होती ती मी दडवून ठेवली.

या काळात माझा वकील म्हणजे कै. विष्णु नारायण भातखंडे यांचा ग्रंथ. हा शब्द मी थट्टेने वापरीत नाही. भातखंडे स्वतः मुंबईचे वकील होते, आणि 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' हा १९१० ते १९३२ या काळात चार भागांत निघालेला मराठी ग्रंथ वाचताना तो व्यवसाय पदोपदी जाणवतो. ग्रंथाची मांडणी गुरुशिष्य-संवादाची आहे. शिष्य विचारतो, गुरू सांगतो, शिष्य पुन्हा उलटतपासणी करतो. जुन्या संस्कृत ग्रंथकारांना एकामागून एक पिंजऱ्यात उभे केले जाते आणि प्रचारातल्या गाण्याशी त्यांचे म्हणणे जुळत नाही हे दाखवून त्यांना सन्मानपूर्वक निरोप दिला जातो. मराठीत शास्त्रीय विषयावर इतके जिवंत, इतके रंगतदार गद्य फार थोडे आहे. घराण्यांच्या कुलपांत अडकलेल्या चिजा मिळविण्यासाठी या माणसाने देशभर पायपीट केली, शेकडो बंदिशी 'क्रमिक पुस्तकमालिके'च्या सहा भागांत छापून कोणाही विद्यार्थ्याच्या हाती दिल्या, आणि दहा थाटांची व्यवस्था लावून रानात पायवाटा पाडल्या. ज्यांना गुरू मिळण्याची आशा नव्हती अशा हजारोंना या ग्रंथांनी दार उघडून दिले. तेव्हा पुढे जे लिहितो आहे ते कृतघ्नपणाने लिहितो असे कोणी समजू नये.

परंतु संवादाचा जो गुण तोच माझ्यासारख्या वाचकाला बाधला. या ग्रंथातला शिष्य बुद्धिमान आहे, चौकस आहे, आदबशीर आहे. सुशिक्षित वाचकाला तो आरशातल्या आपल्या प्रतिमेसारखा वाटतो. प्रश्न विचारणे हीच साधना, असा समज त्याच्या सहवासात नकळत होतो. तो चुकला तरी कागदावर चुकतो. त्याचा सूर उतरला हे छापील पानाला ऐकू येत नाही आणि वाचकालाही नाही. रागाचे आरोह-अवरोह, वादी, संवादी, वर्ज्य स्वर, गाण्याची वेळ इतके समजले की राग समजला, असे ग्रंथकर्त्याने म्हटलेले नाही. वाचकाने मात्र तसे मानले, कारण तसे मानण्यात त्याची सोय होती.

भूप आणि देशकार यांचेच उदाहरण घ्या. दोहोंत स्वर पाच आणि तेच पाच: सा, रे, ग, प, ध. मध्यम-निषाद दोहोंत वर्ज्य. भातखंड्यांनी भूप कल्याण थाटात घातला आणि देशकार बिलावल थाटात. हे थाट निराळे होतात ते मध्यमामुळे, आणि येथे तर मध्यमच नाही! भूपाचा वादी गंधार, देशकाराचा धैवत. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरी, देशकार सकाळी. एवढे पाठ करून परीक्षेत गुण मिळतात, मलाही मिळाले. परंतु देशकारात धैवतावर आवाज ज्या तऱ्हेने उजळतो, आणि भूपात गंधारावर तो ज्या तऱ्हेने विसावतो, ते कोष्टकातल्या कोणत्याच रकान्यात बसत नाही. मारवा आणि पूरिया यांचेही तसेच. पंचम दोहोंतही नाही, ऋषभ कोमल आणि मध्यम तीव्र दोहोंतही. परंतु एकात ऋषभ-धैवतांवर भर असल्यामुळे षड्ज कोठे हरवला असे वाटत राहते, आणि दुसऱ्यात गंधार-निषादांवर जीव ठेवून गवई मंद्रात उतरतो. मारव्यातली ती बेचैनी ज्याला एकदा भोवली त्याला नावाचा घोटाळा फारसा पडत नाही. आम्ही मागच्या रांगेत जे भांडत होतो त्याचे कारण आमच्यापाशी कोष्टक होते आणि ती बेचैनी नव्हती.

या कोष्टकाने माझे एक नुकसान केले, ते सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. मी महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात होतो. ग्रंथालयातून 'पद्धती'चा पहिला भाग आणून मी रात्री वाचीत असे. आमची आई रोज पहाटे चुलीशी बसून एक भूपाळी म्हणे. तिला सा कोठला आणि रे कोठला हे ठाऊक नव्हते. तिच्या आईकडून आलेली चाल ती म्हणत होती. एके सकाळी मी तिच्याजवळ जाऊन म्हणालो, "आई, भूपात मध्यम नसतो. तू घेतेस. आणि भूप हा रात्रीचा राग आहे, पहाटेचा नव्हे." ती हसली. "असेल रे बाबा, तू शिकलेला," एवढेच म्हणाली. भूपाळी हा गीताचा प्रकार आणि भूप हा राग, यांत नावापलीकडे नाते असलेच पाहिजे असे नाही, इतका साधा विचारही मला सुचला नव्हता. तिने त्यानंतर भूपाळी सोडली नाही, पण माझी चाहूल लागली की तिचा आवाज खाली येई आणि मी स्वयंपाकघरात पाऊल टाकले की थांबे. मला त्या वेळी याचे काही वाटले नाही. त्याच ग्रंथमालेत सकाळच्या देशकाराचेही विवेचन आहे, आणि आईची चाल धैवताच्या अंगाने जात होती असे आज वाटते. "वाटते" म्हणतो, कारण मी ऐकले नव्हते; तपासले होते.

कान आणि माप यांचे हे भांडण आपल्याकडे एकदा मोठ्या थाटात होऊन गेले आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, श्रुतींची गणिते मांडली आणि ती पडताळण्यासाठी अब्दुल करीम खाँसाहेबांसारखा गळा त्यांना लाभला. क्लेमंट्स या इंग्रज सिव्हिलियन गृहस्थांनी तो विषय पुढे नेला; विलायतेहून श्रुतींची खास पेटी करवून आणली. १९१६ साली बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने अखिल भारतीय संगीत परिषद भरली तेव्हा ही पेटी तेथे मांडण्यात आली, आणि तिचे स्वर आमच्या गाण्यातले स्वर नव्हेत असे म्हणून भातखंड्यांनी आणि गवई मंडळींनी ती नाकारली. या वादात कोण बरोबर होते हा प्रश्न येथे गौण आहे. मला मौज वाटते ती दोन्ही पक्षांच्या घाईची. देवल-क्लेमंट्सना श्रुती कायमची पट्टीवर बसवावयाची होती, भातखंड्यांना राग कायमचा थाटात बसवावयाचा होता. त्या भरात, ज्याच्या गळ्यातून हे सर्व काढावयाचे तो अब्दुल करीम, तंबोरे जुळविण्यात ज्याची साऱ्या महाराष्ट्रात ख्याती, तो मात्र साक्षीदारापुरताच उरला. साक्षीदार सांगत होता ते कोणत्याच पक्षाच्या कैफियतीत पुरते उतरले नाही.

तंबोऱ्याविषयी येथेच लिहितो. चार तारा: पंचम, मधली जोड आणि खर्ज. घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी काढली म्हणजे तार नुसती वाजत नाही, बोलू लागते. खर्ज नीट लागला की त्यातून कोणीही न छेडलेला गंधार ऐकू येतो. तारेच्या मूळ कंपनसंख्येच्या पाचपट कंपनांचा तो स्वर; आपले लोक त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. पेटीवरचा गंधार याहून चढा असतो: अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर सुमारे चौदा भागांनी. चौदा भाग म्हणजे काय हे कागदावर कळत नाही. तंबोऱ्याजवळ पेटीचा गंधार धरून ठेवा, दोघांमध्ये एक थरथर सुरू होते; ती ऐकू आली की पुढे कोणी समजावून द्यावे लागत नाही. आकाशवाणीने १९४० साली पेटीला बंदी केली ती १९७१ पर्यंत टिकली. ती बंदी मला अतिरेकी वाटते. पेटीचा दोष तिच्या सुरांत जितका आहे त्याहून अधिक आमच्या वापरात आहे. चूक ऐकू येऊ नये म्हणून आम्ही तिला आपल्या आवाजावर पांघरूण घालावयास लावली.

आणि म्हणूनच या विषयात मला सर्वांत उपयोगी पडलेले पुस्तक एका पेटीवाल्याने लिहिलेले आहे, याचे आश्चर्य वाटू नये. गोविंदराव टेंबे यांचे 'माझा संगीत व्यासंग' १९३९ साली प्रसिद्ध झाले. टेंबे कोल्हापूरकडचे. 'मानापमाना'च्या चाली त्यांच्या, आणि पेटीवादनात त्यांच्या काळी त्यांची बरोबरी करणारे फारसे कोणी नव्हते. पेटी ते बहुतांशी आपल्या कानानेच शिकले. भास्करबुवा बखल्यांना त्यांनी गुरू मानले आणि अल्लादियाखाँसाहेबांच्या गाण्यावर त्यांची भक्ती होती. पेटीला मींड नाही, गळ्यासारखा घसरता स्वर नाही, तिचे सूर तर मुळातच तडजोडीचे. अशा वाद्यावर गायकी उतरवू पाहणाऱ्याला आपल्याजवळ काय नाही याची जाणीव क्षणोक्षणी होत असली पाहिजे. ही जाणीव त्याने दडवली नाही. मला वाटते तिनेच त्याचा कान तिखट केला.

'पद्धती'शेजारी हे पुस्तक ठेवले तर ते शास्त्राच्या दृष्टीने हलकेच भरेल. त्यात व्यवस्था नाही. लेखकाची भाषा कित्येकदा दागदागिने घालून बाहेर पडते आणि स्तुतीचा ओघ सुरू झाला की तो आवरता आवरत नाही. कोणी त्याला विचारावे की अमुक रागाचा वादी कोणता, तर त्यासाठी दुसरे दार ठोठवावे लागेल. पण त्याच्या पानांतून एक माणूस ऐकताना दिसतो. गवई समोर बसला आहे, आणि या माणसाचे सारे लक्ष त्या आवाजाकडे आहे; नावाकडे नाही, आपण कसे दिसतो याकडे नाही. आवडलेल्या गाण्याने तो उघड उघड वेडा होतो आणि हे वेड लिहिण्याची त्याला लाज वाटत नाही. आमच्या समीक्षेत ही निर्लज्जता पुढे कमी होत गेली. केशवराव भोळे यांनी 'शुद्धसारंग' या नावाने लिहिलेल्या परीक्षणांत ती तपासणीच्या शिस्तीसह टिकून होती. 'आजचे प्रसिद्ध गायक' अजूनही त्यामुळेच ताजे वाटते. त्यानंतरच्या पुष्कळशा लेखनात, माझ्यासुद्धा, ऐकल्याचा पुरावा कमी आणि वाचल्याचा अधिक आढळतो.

'तानसेन नाही तर कानसेन' ही म्हण आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. श्रोत्यांना तिने प्रतिष्ठा दिली हे खरे. तथापि तिने एक पळवाटही दिली. गळा न उघडता कान पुरा तयार होतो असे तिच्यामुळे वाटू लागले. होत असेलही कोणाचा. अपवाद नाहीत असे मी म्हणत नाही. परंतु ज्याने स्वतः षड्ज लावण्याचा प्रयत्न केला आणि तो केसभर खाली राहिल्याचे अंगावर घेतले, त्याला दुसऱ्याचा षड्ज लागला म्हणजे काय घडले हे कळण्याचा संभव जास्त. वारकऱ्यांच्या भजनात कानसेन नावाचा स्वतंत्र प्राणी नसतो. टाळ हातात आला की ज्याला जसे येते तसे तो म्हणतो, उतरला तर शेजाऱ्याच्या आवाजाने वर येतो, आणि वर्षानुवर्षे असे वरखाली होत त्याचा कान पक्का होतो. चुकण्याला तेथे कोणी टिपून घेत नाही. लाज ही आमच्या दिवाणखान्यांनी आणि वर्गांनी शिकविलेली गोष्ट आहे.

ती लाज माझ्यापुरती कशी सैल झाली ते थोडक्यात सांगतो. पन्नाशी जवळ आली तेव्हा आमच्या गावातल्या एका वृद्ध बुवांकडे मी जाऊ लागलो. पहिल्याच दिवशी मी कोमल ऋषभाविषयी माझा तो जुना, तपश्चर्येने घोटलेला प्रश्न विचारला. बुवांनी तंबोरा माझ्या मांडीवर ठेवला. "प्रोफेसर, सवाल उद्या. आज जोड लावा," म्हणाले आणि पान लावावयास बसले. मी खुंटी पिळली, मणी सरकवला, पुन्हा खुंटी पिळली. तीस मिनिटे गेली. "लागली का?" असे मी विचारले. "तुम्ही सांगा," बुवा म्हणाले. मला सांगता येईना. त्यांनी पुढे येऊन मदत केली नाही, मानही हलविली नाही. माझ्या आयुष्यात इतका लांब अर्धा तास दुसरा आला नाही. चौथ्या की पाचव्या दिवशी दोन तारांमधली लाट लांबत लांबत गेली आणि नाहीशी झाली, आणि ती नाहीशी झाल्याचे मला कोणी सांगितले नव्हते. बुवांचे लक्ष आहे की नाही हे पाहण्याचेही त्या क्षणी सुचले नाही.

नंतरच्या गोष्टी साध्या आहेत. पेटी त्यांनी दोन वर्षे शिवू दिली नाही. मी गायिलेले मीच ध्वनिमुद्रित करून दुसऱ्या दिवशी ऐकावे असे त्यांनी सांगितले. त्याच दिवशी नाही, कारण त्याच दिवशी माणूस स्वतःची बाजू घेतो. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मी मध्येच बंद केले. दुसऱ्यांदाही. तिसऱ्या खेपेस शेवटपर्यंत ऐकले आणि ध्यानात आले की माझा पंचम चांगला लागतो, आणि वर्गातल्या सात वर्षांत हे मला कळावयाचेच राहिले होते. चूक ऐकावयाची नाही म्हणून कान बंद केला की बरोबर लागलेलेही आत येत नाही. मध्यंतरी एका विद्यार्थ्याने माझ्या मोबाइलवर स्वर मोजणारे यंत्र घालून दिले. गाऊ लागावे आणि काटा डावीउजवीकडे हलताना पाहावा. आठवडाभर मी मोठ्या उत्साहाने काटा मध्यावर ठेवीत होतो. आठवड्याने यंत्र बंद करून गायलो तर सूर पूर्वीपेक्षा सैल. डोळ्यांनी कानाची चाकरी पत्करली होती आणि कान पुन्हा रजेवर गेला होता. तंबोऱ्याचा आवाज मात्र अजूनही पुष्कळदा मी त्याच मोबाइलवर लावतो; प्रवासात तो सोयीचा असतो, आणि तो माझी तपासणी करीत नाही.

बैठकीत आता मी एक पथ्य पाळतो. रागाचे नाव सुचले तर सुचू द्यावयाचे, उच्चारावयाचे नाही, आणि अस्ताई दोनदा येऊन जाईपर्यंत शेजाऱ्याला विचारावयाचे नाही. बऱ्याच वेळा नाव चुकते. परवा एकदा सोहनीला मी सबंध मध्यलयभर पूरिया समजलो होतो. तारषड्जाच्या आसपासची सारी झगमग मी मन लावून ऐकली होती, नाव तेवढे चुकले. शेजारच्या गृहस्थांना माझी कीव आली असावी.

एक गोष्ट मात्र या कानालाही साधत नाही. आई जाऊन बारा वर्षे झाली. पहाटे तंबोरा लावून बसलो की मी ती भूपाळी आठवू पाहतो. शब्द आठवतात. चालीची चढण आठवते, धैवतावरचा तो थांबा आठवतो. जेथे तो मध्यम यावयाचा तेथे येऊन मी थांबतो. शुद्ध मध्यम लावून पाहतो, तो तिचा नव्हे. किंचित चढवून पाहतो, गंधाराच्या अंगाने हलकेच स्पर्श करून पाहतो, तोही नव्हे. मी तिला काय सांगितले ते शब्दन् शब्द आठवते. ती हसली तेही आठवते. धाकट्या बहिणीला विचारले, ती म्हणाली, "दादा, मध्यम म्हणजे कोणता ते मला कळत नाही. पण ती कशी म्हणायची ते म्हणून दाखवू का?" येत्या रविवारी ती आमच्याकडे यावयाची आहे. वही-पेन्सिल टेबलावर होती ती मी कपाटात ठेवून दिली आहे.